कोंबड्या घाट चढून आल्या आणि अंडी बंद झाली

नवऱ्याची नोकरी लोट्याहून शिरवळला गेली आणि आम्हाला खेड सोडून वाईजवळच्या एका गावात यावं लागलं. सामानाचं काही नाही, टेंपोत भरलं की झालं, पण माझ्या आठ कोंबड्या आणि एक कोंबडा यांचं काय करायचं यावर घरात आठवडाभर बोलणं चाललं होतं. सगळे म्हणत होते विकून टाक, तिकडे गेल्यावर नवीन घे. पण त्यातल्या सहा गावठी माझ्या आईच्या कोंबडीच्या पिल्लांच्या पिल्लांपासून चालत आलेल्या, आणि दोन काळ्या, ऑस्ट्रलॉर्प जातीच्या, मी स्वतः चिमटीएवढ्या असल्यापासून बल्बखाली वाढवलेल्या. विकायचा प्रश्नच नव्हता माझ्यासाठी. खेडला असताना रोज तीन-चार अंडी मिळायची, मुलाला एक, आम्हाला आणि शेजारी देऊनही उरायची.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे कोंबड्या एका घरातून दुसऱ्या घरात नेल्यावर अंडी बंद होतात हे मला ऐकून माहीत होतं, पण किती दिवस आणि का, आणि त्यात आपण काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय नाही करायचं, हे कोणी नीट सांगितलं नव्हतं. मला चांगला महिनाभर लागला ते कळायला.

तर निघायच्या आदल्या रात्री अंधार पडल्यावर पकडल्या. दिवसा पकडायला गेलं तर अंगणभर पळापळ होते, पिसं उपटतात, एखादीचा पाय मुरगळतो, आणि रात्री त्यांना दिसत नाही त्यामुळे दांड्यावरून अलगद उचलल्या की आवाजसुद्धा करत नाहीत. टोमॅटोचे आठ क्रेट आणले होते, त्यातल्या चारांत एकेकात दोन याप्रमाणे बसवल्या, खाली भाताचा पेंढा, वरून दुसरा क्रेट उलटा ठेवून सुतळीने बांधला आणि गोणपाट टाकलं. कोंबडा वेगळा डालग्यात. संध्याकाळी खायला कमीच दिलं होतं, भरल्या पोटी घाटाची वळणं नकोत म्हणून, पाणी मात्र निघेपर्यंत ठेवलं. पहाटे साडेतीनला टेंपो निघाला, कशेडी, पोलादपूर, मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि पाचगणीवरून पसरणी घाट उतरून वाई. मी मागे त्यांच्याजवळच बसले होते. आंबेनळीत एक काळी चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली, गार हवा असूनसुद्धा, म्हणजे उकाड्याने नाही तर भीतीनेच. गोणपाट बाजूला केलं, महाबळेश्वरला थांबून वाटीने पाणी दाखवलं, दोघी-तिघींनी चोच बुडवली. बाकीच्या नुसत्या बसून होत्या.

नऊच्या सुमारास पोचलो. क्रेट उघडले तर एकात अंडं होतं, पण कवच नसलेलं, नुसत्या पापुद्र्याचं, हातात घेतलं तर लिबलिबीत. धसका घेतला की असं होतं, अंडं तयार व्हायला एक दिवसाहून थोडा जास्तच वेळ लागतो आणि त्यातला बराचसा वेळ, वीसेक तास, नुसतं कवच चढण्यात जातो, मध्येच घाबरली की ते तसंच बाहेर पडतं. तेव्हा मला एवढं माहीत नव्हतं, मी घाबरले की आजारी पडली की काय. तेच शेवटचं अंडं. त्यानंतर मला जे पुढचं अंडं दिसलं ते बरोब्बर एकतिसाव्या दिवशी.

पहिल्या दोन दिवसांतच मी मोठी चूक केली. नवीन घराच्या मागे सिमेंटचा कोबा केलेली मोकळी जागा आहे, तिथे नवऱ्याने जाळी आणि पत्रा लावून खुराडं बनवलं होतं, चांगलं ऐसपैस. दुसऱ्या दिवशी दुपारी मला वाटलं बिचाऱ्या कोंडून पडल्यात, जरा फिरू दे, म्हणून दार उघडलं. दिवसभर ठीक होतं. दिवस मावळायला लागला तशी खेडला कशी सगळी रांगेने खुराड्यात जायची, तशी इथे एकही गेली नाही. जातील कशा, हे आपलं घर हेच त्यांना माहीत नव्हतं. पाच कुंपणाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या, दोन शेजारच्या जांभळावर जाऊन बसल्या आणि कवडी, म्हणजे पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची, ती सापडेच ना. डिसेंबरातला वाईकडचा गारठा, खेडला असली थंडी या कोंबड्यांनी बघितलेलीच नाही. रात्री दहापर्यंत बॅटरी घेऊन आम्ही दोघं शोधत होतो, शेजारच्या आक्का स्वतः शिडी घेऊन आल्या आणि जांभळावरच्या दोघी त्यांनीच उतरवल्या. कवडी गटाराच्या पाइपमागे मिळाली.

आक्का तेव्हाच म्हणाल्या, "अगं पोरी, धा दिवस दार उघडू नगंस. कोंबडीला जागा कळाय लागती, मग ती आपणहून यील."

दहा दिवस खरंच उघडलं नाही. आणि हे मी आता कोणालाही पहिलं सांगेन, नवीन जागी नेल्यावर कमीत कमी आठवडा-दहा दिवस आतच ठेवा, तिथेच खाणं, तिथेच पाणी, तिथेच दांड्यावर झोप. अकराव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता उघडलं, मुद्दाम तासभरच, म्हणजे लांब जायला वेळच नाही, आणि अंधार पडायच्या आधी सगळ्या आपल्या आपण आत. डोळ्यात पाणी आलं माझ्या. मग रोज अर्धा-अर्धा तास वाढवत नेलं.

आता पाण्याचं. मी हौसेने दुकानातून लाल बुडाचं प्लॅस्टिकचं पाण्याचं भांडं आणलं होतं, ते उलटं लावायचं असतं ते. त्याला या शिवेनात. लांबून मान वाकडी करून बघायच्या आणि मागे फिरायच्या. मी समजत होते थंडी आहे म्हणून पीत नाहीत. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की कोंबडा सोडून कोणीच नीट पाणी पीत नाहीये, खेडला त्या मातीच्या पसरट कुंडीत प्यायच्या. ती कुंडी मी फुटेल म्हणून तिकडेच ठेवून आले होते. इथे कुंभाराकडून तशीच आणली, ठेवली आणि पाच मिनिटांत चौघी भोवती उभ्या. अंड्यात चारातले तीन भाग तर पाणीच असतं, कोंबडीला दिवसभर पाणी मिळालं नाही तरी अंड्यावर लगेच परिणाम होतो, आणि माझ्या कोंबड्या तीन दिवस जेमतेम घोटभर पाण्यावर होत्या. लाल भांडं मी काढलं नाही, कुंडीशेजारी ठेवून दिलं, आता त्यातूनही पितात.

खाण्यातही तसंच झालं. खेडला कणी, कोंडा, थोडी नाचणी, आणि बाकी दिवसभर परसात उकरून गांडुळं, वाळवी, किडे जे मिळेल ते. म्हणजे मी जे टाकत होते त्यावर त्या जगत नव्हत्या, अर्धं पोट त्या स्वतःच भरत होत्या, हे मला इथे आल्यावर कळलं. इथे बंद खुराडं, खाली कोबा, किडा कुठून मिळणार? नुसत्या कणीवर अंडं होत नाही. मग मी एकदम लेयर मॅश, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणून टाकलं, त्यात प्रथिनं साधारण १६-१७ टक्के आणि कॅल्शियम भरपूर असतं, पण यांनी ते पायाने विस्कटून टाकलं, खाल्लं नाही. पुन्हा तीच चूक, सगळं एकाच वेळी बदललं. शेवटी तीन भाग जुनी कणी-नाचणी आणि एक भाग मॅश, किंचित पाणी शिंपडून, असं सुरू केलं आणि दर चार दिवसांनी मॅश थोडं वाढवलं. दोन आठवड्यांत अर्धं-अर्धं झालं आणि तिथेच थांबले. वर मूठभर सुका जवळा, तो आम्ही खेडहून पिशवीभर आणला होता, पण दोन पाण्यातून धुऊन मीठ काढून, कारण जास्त मीठ कोंबड्यांना बाधतं. जवळ्याचा वास आला की सगळ्या धावत यायच्या, ती त्यांच्या ओळखीची चव. आणि एका वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा, तो खाण्यात कालवायचा नाही, ज्या कोंबडीला लागतो ती आपला आपण खाते आणि जिला नको ती बघतही नाही.

पण अंडी काही नाहीत.

वीस दिवस झाले तसा माझा धीर सुटला. मी दर तासाला जाऊन घरट्यात डोकवायचे. आधी घरटी कोपऱ्यात ठेवली होती, मग वाटलं तिथे अंधार जास्त आहे म्हणून पुढे आणली, मग उजेड जास्त वाटला म्हणून परत मागे नेली, पेंढा बदलला, त्याच्याजागी भाताचं तूस टाकलं, पुन्हा पेंढा. थंडी वाजत असेल म्हणून ६० वॉटचा पिवळा बल्ब रात्रभर चालू ठेवला. त्या दोन रात्रींत त्या झोपल्याच नाहीत, एकमेकींना टोचत बसल्या, एका काळीच्या शेपटीजवळ रक्त काढलं. ते रक्त बघून मात्र मी दुसऱ्या दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरांनी आधी मला शांतपणे सगळं विचारलं आणि मग गावात दुसऱ्या कामाला आले तेव्हा स्वतः घरी येऊन कोंबड्या बघितल्या. त्यांच्याकडून मी जे शिकले ते फार मोलाचं आहे. कोंबडी उलटी धरून मागे, शेपटीखाली जी दोन हाडं हाताला लागतात ना, त्यांच्यामध्ये किती बोटं बसतात ते बघायचं. अंड्यावर असलेल्या, म्हणजे अंडी घालत असलेल्या, कोंबडीत दोन-तीन बोटं आरामात बसतात, बंद असलेलीत एखादं. तुराही बघायचा, अंड्यावर असली की लालभडक आणि भरलेला, बंद असली की फिका आणि आकसलेला. आठपैकी चौघींचा तुरा फिका, बोट एकच. तांबडी आणि एक काळी, या दोघी पिसं टाकत होत्या, मानेवर नवीन पिसांचे काटे दिसत होते. डॉक्टर म्हणाले या दोघींकडून दोन-तीन महिने काही अपेक्षा करू नका, पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच असतं, खाल्लेलं सगळं तिकडे जातंय. आणि उरलेल्या दोन, कवडी आणि चंद्री, त्यांच्यात अडीच बोटं! तुरा लाल. डॉक्टर म्हणाले, ही कवडी तर घालतेय असं वाटतंय. मी म्हटलं घरट्यात तर एकही नाही हो.

उजेडाचंही त्यांनी समजावलं. कोंबडीचं अंडं दिवसाच्या लांबीवर चालतं, चौदा तास उजेड मिळाला तर चांगली घालते, आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकराच तासांचा असतो. खेडलाही तेवढाच होता म्हणा, पण तिथे त्या आधीपासून अंड्यावर होत्या, इथे धसक्याने एकदा बंद पडल्या आणि आखूड दिवसांत परत सुरू व्हायला त्यांना जड जात होतं. बल्ब लावा पण रात्रभर नाही, त्यांना अंधाराची झोप लागते, आणि लावायचा तर पहाटे. संध्याकाळी लावला आणि एकदम बंद केला तर दांड्यावर चढायच्या आत अंधार होतो आणि खालीच बसून राहतात. मग ९ वॉटचा एलईडी, टायमरचा प्लग, पहिल्या आठवड्यात पहाटे सव्वासहाला, मग पावणेसहा, मग सव्वापाच. हे हळूहळूच करायचं. उवांसाठी पंखांखाली आणि मागच्या बाजूला बघितलं, थोड्या होत्या. कोब्यावर त्यांना लोळायला मातीच नव्हती हे कारण. इथे थंडीत घरोघरी बंब पेटतो, आक्कांच्या बंबाची चाळलेली राख आणि बांधकामावरची वाळू-माती एका जुन्या टायरमध्ये भरून दिली, कोरडी राहील अशी पत्र्याखाली. पहिल्याच दिवशी तिघी एकदम त्यात शिरल्या, डोळे मिटून पंख पसरून तासभर पडून होत्या. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस बऱ्याच दिवसांत दिली नव्हती, ती मात्र लगेच नको, आधी पंधरा-वीस दिवस स्थिरावू द्या मग लासोटा ही त्याची लस पाण्यातून देऊ, असं ते म्हणाले आणि तसंच केलं.

आणि निघताना त्यांनी विचारलं, इथे त्यांना कशाची भीती वाटते? मला पटकन सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्टूल घेऊन लांब, दिसणार नाही अशी बसले आणि नुसतं बघितलं. समोरच्या घरचा कुत्रा दिवसातून दहा वेळा जाळीला लागून धावत जायचा, भुंकायचा पण नाही, नुसता जायचा, आणि प्रत्येक वेळी सगळ्या थिजून उभ्या राहायच्या, पुढची दहा मिनिटं खाणं बंद. शिवाय रात्री मागच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जातात, दोन-दोन ट्रॉल्या, मोठ्याने गाणी लावून. खेडचं घर वाडीच्या टोकाला होतं, रात्री किड्यांशिवाय आवाज नसायचा. ट्रॅक्टरचं मी काही करू शकत नव्हते पण कुत्र्याचं केलं, जाळीला खालून तीन फूट हिरवी शेडनेट बांधली, म्हणजे त्यांना तो दिसणारच नाही. रस्त्याच्या बाजूने आणि वाऱ्याच्या बाजूने गोणपाट लावलं, वर वीतभर फट ठेवून, नाहीतर आतली हवा कोंदते आणि विष्ठेचा वास डोळ्याला झोंबतो.

त्यानंतर मी स्वतःला बांधून घेतलं. सकाळी सात आणि संध्याकाळी साडेचार, दोनच वेळा जायचं, तीच साडी म्हणा, गाऊन म्हणा, तीच बादली, तोच आवाज, आणि घरटी हलवायची नाहीत. आक्का हेच पहिल्यापासून सांगत होत्या, "सारकं त्यांच्या फुडं जाऊन हुबं राहू नगंस, त्यास्नी गप पडू दे." तेव्हा मी ऐकलं नव्हतं. घरटी दोनच, मागच्या कोपऱ्यात, पुढे गोणपाटाचा पडदा, आणि आत एकेक पांढरा गुळगुळीत गोटा, अंड्याएवढा. आई नेहमी घरट्यात एक अंडं ठेवूनच बाकीची उचलायची, तिथे अंडं दिसलं की कोंबडीला जागा पटते. आता ठेवायला अंडंच नव्हतं म्हणून गोटा.

एकतिसाव्या दिवशी, ७ जानेवारीला, मी बंब पेटवायला सरपण काढत होते. आम्हीही आक्कांचं बघून बंब घेतला होता. ढिगाच्या मागच्या बाजूला, भिंत आणि लाकडं यांच्या सांदीत, पाचोळ्यात नऊ अंडी! नऊ. आणि सगळी एकाच रंगाची, फिकट, कवडीची. ती मोकळी सोडायला लागल्यापासून तीन-चार दिवसांतच अंड्यावर आली होती आणि दिवसाआड तिथे जाऊन घालत होती, मी घरटी इकडून तिकडे हलवत होते तेव्हा तिने स्वतःची शांत जागा शोधली होती. अंडी पाण्यात टाकून बघितली, सात तळाशी आडवी, दोन उभी राहिली म्हणजे जुनी, ती वेगळी केली.

सगळी काढून घेतली तर ती अजून लांब जागा शोधेल असं आक्का म्हणाल्या. म्हणून एक तिथेच ठेवलं, आणि तीन-चार दिवस सगळ्यांना दुपारी बारापर्यंत खुराड्यातच ठेवलं, कारण घालायची वेळ बहुतेक सकाळचीच असते. दुसऱ्या दिवशी कवडी दाराशी येरझाऱ्या घालत होती, कोकलत होती, मला फार वाईट वाटलं पण उघडलं नाही. तेवढ्यात कोंबडा घरट्यात शिरला. आत बसून तो हळू आवाजात कुटुकुटु करायला लागला, जसा दाणा सापडल्यावर करतो तसा, बाहेर आला, परत आत गेला. मी असं आधी कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं अंडं घालायला कोंबडा लागत नाही, ते खरंच आहे, पण जागा दाखवायला तो असला तर बरं पडतं हे मी डोळ्यांनी बघितलं. अर्ध्या तासाने कवडी आत गेली. अकरा वाजता कॉक-कॉक-कॉकॅक सुरू झालं आणि मी स्वयंपाकघरातून ओळखलं.

तिच्या मागोमाग चार दिवसांनी चंद्री. मग दुसरी काळी, तिचं पहिलं अंडं अगदी लहान, सुपारीपेक्षा थोडं मोठं, आत बलकच नव्हता. पुढचं नीट. जानेवारी संपेपर्यंत पाच जणी सुरू झाल्या, दिवसही मोठा व्हायला लागला होता. एकजण अजून मधूनच पातळ कवचाचं घालायची, शिंपल्याची वाटी मी दुसरीकडे हलवली होती ती जागेवर आणली तेव्हा आठवड्यात ते थांबलं. आता रोज तीन, एखाद दिवशी चार.

पहिली सहा अंडी मी आक्कांना नेऊन दिली, त्या घेत नव्हत्या, मग म्हणाल्या एक काम कर, तुझी कवडी खुडूक झाली की माझ्याकडची चार अंडी तिच्याखाली ठिव, माझी कोंबडी रवणाला बसतच नाही. कवडी गेल्या सोमवारी खुडूक बसली. अकरा अंडी घातलीत तिच्याखाली, सात घरची, चार आक्कांची, पेन्सिलीने खूण केलीय. सरपणाच्या त्याच सांदीत पाटी ठेवून बसवलीय, कारण ती तिथेच बसायला मागते.

तांबडी अजून सुरू झालेली नाही. पिसं छान भरलीत, तुरा थोडा लाल व्हायला लागलाय. काल संध्याकाळी दांड्यावरून उतरवून बघितली, दीड बोट.